शेकाने पुढे दुसरा कॅन्सर होतो म्हणतात, मग आईला शेक द्यावा का?

यवतमाळ जिल्ह्यात नेरजवळच्या एका खेड्यातून एका मुलाने विचारलं आहे. आईचं वय 52. डाव्या स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन करून पूर्ण स्तन काढला, काखेतल्या पाच गाठींत (म्हणजे लसिका ग्रंथींत) कॅन्सर निघाला, केमोचे सगळे डोस पार पडले. आता डॉक्टरांनी पंधरा दिवसांचा शेक, म्हणजे रेडिएशन, सांगितलं आहे. तेवढ्यात नात्यातले एक काका घरी येऊन सांगून गेले, "शेक देल्ला का दुसरा कॅन्सर होते, आमच्या गावात एकाले झाला." तेव्हापासून आई नको म्हणतेय. मुलाने मोबाइलवर शोधलं तर तिथेही रेडिएशनने कॅन्सर होऊ शकतो असंच लिहिलेलं. आणि प्रश्नाच्या अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: "बाबा म्हणतात उलंगवाडी झाल्यावर पाहू." उलंगवाडी म्हणजे कापसाचा हंगाम संपणं.

मी रेडिएशनचा डॉक्टर आहे. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या रुग्णांना शेक देण्यातच माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. हा प्रश्न ओपीडीत येतो, पण फार कमी वेळा तोंडावर विचारला जातो. लोक मान हलवतात, तारीख घेतात आणि त्या तारखेला येत नाहीत. तुम्ही विचारलंत हे बरं केलंत, भाऊ.

काकांचं म्हणणं खोटं नाही, हे आधी मान्य करतो. रेडिएशनमुळे पुढे दुसरा कॅन्सर होऊ शकतो. शेक सुरू करण्याआधी ज्या संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतात, त्यातही हे लिहिलेलं असतं. पण "होऊ शकतो" एवढ्यावर निर्णय होत नाही. किती जणांना होतो, किती वर्षांनी होतो, कोणाला जास्त होतो, आणि शेक नाही घेतला तर काय होतं, हे चार प्रश्न एकत्र पाहावे लागतात. गावातल्या चर्चेत पहिलं वाक्य पोचतं, उरलेले चार प्रश्न दवाखान्यातच राहतात.

हे होतं कसं, ते थोडक्यात. रेडिएशन पेशीच्या आतला डीएनए तोडतं. कॅन्सरच्या पेशीला ती मोडतोड नीट दुरुस्त करता येत नाही, ती मरते. आजूबाजूच्या चांगल्या पेशी बहुतेक वेळा दुरुस्ती करून घेतात. म्हणूनच शेक एकदम न देता रोज थोडा थोडा देतात, चांगल्या पेशींना रात्रभराची उसंत मिळावी म्हणून. पण लाखो पेशींत एखादी अशी निघते की तिची दुरुस्ती चुकीची होते आणि तरी ती मरत नाही. ती तशीच वाढत राहते आणि बऱ्याच वर्षांनी तिथून गाठ उभी राहू शकते. यातला एक बारकावा लोकांना उलटा वाटतो. जिथे सगळ्यात जास्त डोस जातो तिथल्या पेशी मरूनच जातात. धोका बऱ्याचदा कडेच्या भागात असतो, जिथे मधलाच डोस पोचतो, पेशी दुखावते पण जिवंत राहते.

वेळेचा हिशोब महत्त्वाचा आहे. रक्ताचा कॅन्सर असेल तर तो साधारण दोन ते दहा वर्षांत दिसतो. गाठीचे कॅन्सर बहुतेक करून दहा वर्षांनंतर, कधी वीस-तीस वर्षांनी. हिरोशिमा-नागासाकीत 1945 साली वाचलेल्या लोकांची आजवर पाहणी चालू आहे, हे कालमान मुख्यतः तिथूनच कळलं. त्यामुळे "शेक घेतला आणि वर्षभरात दुसरीकडे कॅन्सर निघाला" असं कोणी सांगितलं तर तो बहुतेक वेळा पहिलाच कॅन्सर पसरलेला असतो, किंवा आधीपासून असलेला दुसरा असतो. शेकाला एवढ्या लवकर ते जमत नाही.

आता आकडे. अमेरिकेच्या कर्करोग नोंदणीतल्या जवळपास साडेसहा लाख प्रौढ रुग्णांचा एक मोठा अभ्यास 2011 मध्ये आला. पंधरा वेगवेगळ्या अवयवांचे कॅन्सर त्यात होते. ज्यांनी शेक घेतला आणि नंतर दुसरा कॅन्सर झाला, त्यांच्यातल्या शंभरापैकी साधारण आठ जणांच्या दुसऱ्या कॅन्सरचं खापर शेकावर फोडता येत होतं. उरलेल्यांचं कारण वय, सवयी, अनुवंश असं होतं. दुसऱ्या शब्दांत, हजार जणांना शेक दिला तर पंधरा वर्षांत शेकामुळे जादा झालेले कॅन्सर साधारण पाच.

हजारात पाच. हा आकडा शून्य नाही आणि मी तो लपवणार नाही. पण तो एकटा ठेवला तर काहीच सांगत नाही, त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायला हवा.

स्तन काढल्यानंतर शेक द्यावा की नाही, यावर जगभरात झालेल्या जुन्या चाचण्या एकत्र करून ऑक्सफर्डच्या गटाने 2014 मध्ये हिशोब मांडला. ज्यांच्या काखेतल्या चार किंवा जास्त गाठींत कॅन्सर होता, म्हणजे तुमच्या आईसारख्या बाया, त्यांच्यात शेक न घेतलेल्या शंभरातल्या 32 जणींना दहा वर्षांत छातीच्या त्याच जागी किंवा काखेत, गळ्याच्या हाडाजवळ कॅन्सर पुन्हा आला. शेक घेतलेल्यांत हा आकडा 13 होता. आणि वीस वर्षांचा हिशोब केला तर शंभरातल्या साधारण नऊ जणी जास्त वाचल्या. या चाचण्या 1964 ते 1986 दरम्यान सुरू झालेल्या होत्या, तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती. आज औषधांनीच बऱ्याच जणी वाचतात, त्यामुळे शेकाचा वाटा तेवढाच राहील असं मी म्हणणार नाही, तो कमी असेल. निम्मा धरा. तरीही एका बाजूला हजारात चाळीसच्या वर जीव, आणि दुसऱ्या बाजूला हजारात पाच जादा कॅन्सर, त्यातलेही काही वेळेवर सापडून बरे होणारे. पाच गाठी असताना मी माझ्या घरातल्या बाईला शेक घ्यायलाच सांगेन.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझं उत्तर वाचून दुसरं कोणी भलताच अर्थ काढेल. गाठी पाचऐवजी एक-दोन असत्या, ट्यूमर लहान असता, तर स्तन काढल्यानंतर शेक हवाच का, यावर आमच्यातच वाद आहे आणि अलीकडचे अभ्यास काही जणींना तो टाळता येईल या बाजूला झुकतात. तिथे दुसऱ्या कॅन्सरची भीती हा तराजूत टाकण्यासारखा मुद्दा होतो. फक्त स्तनातली गाठ काढून स्तन ठेवला असेल तर हिशोब पुन्हा वेगळा, तिथे बहुतेकींना शेक लागतोच. म्हणून "अमकीला नाही दिला, मग आईला कशाला" ही तुलना करू नका. बायोप्सीच्या कागदावर गाठींचा आकडा काय आहे ते पाहा.

आता कोणाला खरंच जास्त घाबरायला हवं, ते सांगतो.

सगळ्यात मोठा फरक वयाचा. वाढत्या अंगाच्या पेशी रेडिएशनला फार हळव्या असतात, आणि लहान मुलाच्या पुढ्यात दुसरा कॅन्सर उगवायला साठ-सत्तर वर्षं पडलेली असतात. हॉजकिन लिम्फोमा नावाच्या गाठींच्या कॅन्सरमध्ये पूर्वी वयात येणाऱ्या मुलींच्या छातीवर मोठा शेक दिला जायचा. त्या बऱ्या झाल्या, पण त्यातल्या बऱ्याच जणींना चाळिशी-पन्नाशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर झाला, काही अभ्यासांत शंभरात वीस ते तीस. असा शेक लहानपणी घेतलेली बाई माझ्याकडे आली तर मी तिला पंचविशीपासून, किंवा शेकानंतर आठ वर्षांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करायला सांगतो. गावाकडच्या मुलीला ही तपासणी कोणी सांगितलेलीच नसते, आणि लग्नानंतर सासरी तर जुन्या आजाराचं नावही काढू देत नाहीत. अशी कोणी तुमच्या ओळखीत असेल तर हा परिच्छेद तिला पाठवा, तुमच्या आईपेक्षा तिला याची गरज जास्त आहे.

दुसरं, डॉक्टरांनीच एके काळी शेक भलत्या गोष्टींना वापरला. इस्रायलमध्ये 1948 ते 1960 या काळात हजारो मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णाला रेडिएशन दिलं गेलं. पुढे त्यांच्यात थायरॉइडच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या गाठी जास्त निघाल्या. आज साध्या आजाराला, तेही लहान मुलाला, कोणी शेक सुचवला तर मी पहिल्यांदा नाहीच म्हणेन. मुलांच्या कॅन्सरमध्येही शक्य असेल तिथे शेक टाळतात किंवा कमी करतात, आणि अगदीच लागला तर काही मुलांना खारघरला टाटाच्या केंद्रात प्रोटॉनने देता येतो, त्यात आजूबाजूला फार कमी डोस सांडतो.

तिसरं, अनुवंश. ली-फ्राउमेनी नावाचा एक दुर्मीळ दोष काही घराण्यांत असतो. त्या घरात लहान वयातच वेगवेगळे कॅन्सर होतात, आणि अशा माणसाला शेक देणं शक्यतो टाळतात. तुमच्या घरात कोणाला लहानपणी किंवा तिशीच्या आत कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता त्यांना सांगा. नसेल तर यावर जीव जाळू नका.

चाळिशीच्या आतल्या बाईला शेक देताना दुसऱ्या स्तनावर किती डोस सांडतो याकडे आम्ही बारीक लक्ष देतो, कारण त्या वयात त्याने दुसऱ्या स्तनाचा धोका वाढतो. पंचेचाळिशीनंतर ती वाढ फारशी दिसत नाही. तुमच्या आईचं वय 52 आहे, म्हणजे या बाजूने त्या बऱ्या ठिकाणी आहेत.

आता तंबाखूवर येतो. इथे जरा थांबतो, कारण काकांच्या गावातला "एकाले झाला" हा माणूस कोण असेल याचा मला अंदाज आहे. तो नाही, पण त्याच्यासारखे कितीतरी मी पाहिलेत.

त्यातला एक सांगतो, ओळख कळू नये म्हणून गाव सोडून देतो. उजव्या गालाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, मग त्याच बाजूला शेक दिला. बरा झाला, शेतावर जायला लागला. साडेतीन-चार वर्षांनी डाव्या गालात जखम घेऊन आला. सोबत भाऊ होता, तो तावातावाने म्हणाला, "तुमच्या शेकानं झालं हे, डॉक्टर." मी टॉर्च लावून तोंड पाहिलं. जबडा जेमतेम दोन बोटं उघडत होता. डाव्या गालाच्या आत, दाताच्या मागे, पांढरी-तपकिरी झालेली जाड कातडी आणि तिच्या बरोबर मधे जखम. शर्टच्या खिशात पन्नीची पुडी दिसत होती. विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, उजवीकडे ऑपरेशन झालं म्हणून तो आता खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, डावीकडे ठेवतो. जुन्या शेकाचा नकाशा काढून पाहिला, डाव्या गालावर डोस जवळपास गेलाच नव्हता. आणि चार वर्षांत शेकाने गालाचा कॅन्सर उभा राहत नाही, ते वर सांगितलंच आहे.

तंबाखू, सुपारी आणि चुना सगळ्या तोंडाची कातडी एकाच वेळी बिघडवतात. एका जागी कॅन्सर आधी दिसतो, उरलेली जमीन तशीच नासलेली असते. 1953 सालीच डॉक्टरांनी हे लिहून ठेवलंय. म्हणून तोंडाचा कॅन्सर बरा झालेल्या माणसाला दुसरा कॅन्सर होण्याचं प्रमाण मुळातच जास्त असतं, शेक घेतलेला असो वा नसो, आणि खर्रा चालू असेल तर आणखी जास्त. आपल्या भागात पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे खातात. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, खर्रा तरी नाक्यानाक्यावर मिळतो. माझ्या ओपीडीत जेवढे दुसरे कॅन्सर आले, त्यात शेकाच्या नावावर टाकता येतील असे थोडे, खर्ऱ्याच्या नावावर टाकता येतील असे कितीतरी. गाव मात्र दोष मशीनला देतं, कारण मशीन परकं आहे आणि खर्रा घरचा.

स्तनाच्या शेकाबद्दलही तंबाखूचा एक आकडा पक्का आहे. छातीला शेक देताना फुप्फुसाचा थोडा भाग मधे येतोच. 2017 मध्ये आलेल्या हिशोबानुसार, जी बाई ओढत नाही तिला आजच्या पद्धतीच्या शेकाने फुप्फुसाचा कॅन्सर होऊन मरण्याचा जादा धोका हजारात साधारण तीन. जी आयुष्यभर सिगारेट ओढत आली आणि पुढेही ओढत राहते तिला शंभरात चार. तोच शेक आणि धोक्यात दहापटीहून जास्त फरक. तुमच्या आई विडी ओढत असतील तर शेकाआधी बंद करायची गोष्ट ती. चघळायची तंबाखू असेल तर तिचा हा विशिष्ट आकडा लागू नाही, पण तोंडासाठी तीही सोडायलाच हवी. आणि बाबा खर्रा खात असतील तर त्याचाही विषय निघू द्या. आईच्या शेकाला घाबरणारा माणूस खर्रा घोटत बसलेला असतो, हे दृश्य मला नवीन नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: शेकाने दुसरा कॅन्सर होऊ शकतो, उशिरा होतो, क्वचित होतो, लहान वयात धोका जास्त, तंबाखूने धोका वाढतो. पाच गाठी असलेल्या 52 वर्षांच्या बाईला शेक न घेण्याचा धोका घेण्याच्या धोक्यापेक्षा बराच मोठा आहे.

पुढचा प्रश्न लोक लगेच विचारतात: मग धोका कमी करायला भारी मशीनवर द्यावा का? यासाठी शेत गहाण टाकलेली माणसं मी पाहिलीत, म्हणून स्पष्ट लिहितो. आपल्याकडे शेक दोन प्रकारच्या मशीनवर मिळतो. कोबाल्ट, ज्यात किरणोत्सर्गी कोबाल्ट असतो, आणि लिनॅक, जे विजेवर किरण तयार करतं. लिनॅकची कड जास्त रेखीव असते आणि दुसऱ्या स्तनावर कमी सांडतं, म्हणून मिळत असेल तर लिनॅक घ्यावं. पण लिनॅकवर त्यातही साधी आणि भारी तंत्रं असतात. खूप दिशांनी किरण सोडणारं महागडं तंत्र प्रत्येक ठिकाणी चांगलंच असतं असं नाही. त्यात जास्त डोसचा भाग नेमका राहतो, पण थोडा थोडा डोस छातीभर, दुसऱ्या फुप्फुसात, दुसऱ्या स्तनात पसरतो. दुसऱ्या कॅन्सरच्या दृष्टीने हा पसरलेला थोडा डोसच नकोसा. स्तन काढलेल्या बाईला बाजूने तिरके दोन किरण देण्याची जुनी साधी पद्धत बऱ्याचदा पुरते. कोणाच्या शरीराची ठेवण किंवा गाठींची जागा अशी असते की भारी तंत्र लागतं, ते डॉक्टर प्लॅन पाहून सांगतील. आणि जवळ फक्त कोबाल्ट असेल, लिनॅकला जाणं जमतच नसेल, तर शेक न घेण्यापेक्षा कोबाल्टवर घेतलेला केव्हाही बरा.

डावी बाजू आहे, त्यामुळे हृदयाचाही विचार हवा. काही ठिकाणी खोल श्वास घेऊन रोखून धरायला शिकवतात, तेवढ्या क्षणी फुप्फुस फुगून हृदय किरणांपासून मागे सरकतं. तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: "डावी बाजू आहे, हृदयाला आणि दुसऱ्या स्तनाला किती डोस जातोय ते प्लॅनमध्ये दाखवाल का?" बहुतेक जण दाखवतात. मी कॉम्प्युटरवर सीटीची चित्रं उघडून दाखवतो, छातीच्या कडेने जाणारी रंगीत रेघ आणि तिच्या आत आलेली फुप्फुसाची ती बारीकशी चंद्रकोर. एकदा ती पाहिली की घरच्यांचा बराच ताण उतरतो. "शेक म्हणजे सगळं अंग भाजणार" असं मनात धरून आलेले असतात, आणि समोर दिसते बोटभर जाडीची पट्टी.

शेक घेऊन घरी आलेल्या आईजवळ नातवाला बसू द्यावं का, हेही विचारतात. खुशाल बसू द्या. बाहेरून दिलेल्या शेकाने माणूस किरणोत्सर्गी होत नाही, मशीन बंद झालं की खोलीतही काही उरत नाही. एकाच ताटात जेवलं तरी चालतं.

आता उलंगवाडी. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात धोक्याची ओळ हीच आहे, आणि ती तुम्ही सहज लिहून गेलात.

केमोचा शेवटचा डोस झाल्यावर साधारण तीन ते सहा आठवड्यांत शेक सुरू व्हायला हवा. कापसाचं वेळापत्रक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पहिली वेचणी दिवाळीच्या आगेमागे, मग दुसरी, तिसरी, आणि भाव चढेल म्हणून फरदड ठेवलं, म्हणजे हंगामानंतरही पीक उभं ठेवलं, तर फेब्रुवारी-मार्च उजाडतो. तोवर केमोने मारून आणलेल्या पेशींतल्या ज्या थोड्या उरल्या असतील त्या पुन्हा डोकं वर काढतात. मग ज्या रुग्णाला पंधरा शेकांत भागलं असतं, तिला छातीवर फुटलेली गाठ घेऊन यावं लागतं आणि तेव्हा माझ्या हातात फारसं काही नसतं. हजारात पाचच्या भीतीने थांबलेली आणि वेचणीसाठी थांबलेली, दोघी त्याच रांगेत येऊन उभ्या राहतात.

वेचणीबद्दल आणखी एक. डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात, त्यामुळे तो हात जन्मभर जपायचा आहे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळलेल्या बोंडाची टोकं हाताला ओरखडे काढतात, त्यातून जंतू गेले की हात सुजून खांबासारखा होतो. या वर्षी आईला वेचणीला लावूच नका. मजूर मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही हे मला कळतं. तरी नका लावू.

पंधरा शेक म्हणजे सोमवार ते शुक्रवार धरून तीन आठवडे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, आहे. वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगीचे दवाखाने. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शेकाचा खर्च बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, मंजुरीला दोन-चार दिवस लागू शकतात. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच, शिवाय कॅन्सरच्या रुग्णाला एसटी आणि रेल्वेत वेगळी सवलत मिळते, त्याचा दाखला दवाखान्यातून घ्या. रोज नेरहून ये-जा केली तर आई थकतील आणि मधेच सोडून देतील. राहण्याची सोय दवाखान्याच्या समाजसेवा विभागात विचारा, बहुतेक ठिकाणी काहीतरी असते.

सुरू करण्याआधी एक अडचण येते, ती आजच सांगतो. शेक देताना डावा हात डोक्यावर घेऊन निजावं लागतं. ऑपरेशननंतर बायका भीतीने हात हलवत नाहीत, खांदा आखडतो आणि टेबलवर हात वर जातच नाही. मग आठवडाभर व्यायामात जातो. आजपासूनच भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर वर चढवायची, रोज थोडी जास्त. छातीवर काढलेल्या जांभळ्या खुणा घासून धुवायच्या नाहीत, ब्लाउजला रंग लागेल, लागू द्या, जुना सुती सैल ब्लाउज वापरा. त्या जागेवर हळद, तेल, बाम काही नको.

आणि नंतरचं. ज्या दुसऱ्या कॅन्सरची भीती वाटते, तो लवकर सापडला तर त्यावर इलाज असतो, पण त्यासाठी कोणीतरी पाहायला हवं. दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी. शेक दिलेल्या जागेकडे अंघोळीच्या वेळी आरशात पाहण्याची सवय. पाच-सात वर्षांनी तिथे मार लागल्यासारखा जांभळा डाग किंवा बारीक जांभळी पुळी दिसली आणि ती हटत नसेल, तर "मुका मार असेल" म्हणून लेप लावत बसू नका, तुकडा काढून तपासून घ्या. रक्तवाहिन्यांचा एक फार दुर्मीळ कॅन्सर असा सुरू होतो, आणि तो शेकाचाच असतो. हाडावर नवीन कडक गाठ, तीन आठवड्यांवर टिकलेला खोकला, हेही दाखवायचं. टॅमॉक्सिफेनची गोळी (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी) चालू असेल आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं, तर लगेच तपासणी, कारण त्या गोळीनेही गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. केमोतल्या काही औषधांनीही क्वचित रक्ताचा कॅन्सर होतो. काका फक्त शेकाचंच बोलले, पण धोका नसलेला कॅन्सरचा इलाज माझ्या पाहण्यात नाही.

शेक संपला की एक कागद मागून घ्या: कुठे दिला, एकूण किती ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं माप), किती दिवसांत, कोणत्या मशीनवर, कोणत्या तारखांना. पुढे कधी दुसरीकडे शेक द्यायची वेळ आली, किंवा नवीन गाठ शेकाची आहे की नाही हे ठरवायचं झालं, तर डॉक्टर पहिल्यांदा हाच कागद मागतो. आपल्याकडे फायली पन्नीत घालून छताच्या आढ्याला टांगलेल्या असतात, पावसाळ्यात भिजून अक्षरं पुसतात. कागदाचा फोटो काढून तुमच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा.

तुम्ही केमोचा शेवटचा डोस कधी झाला ते लिहिलेलं नाही. तीन आठवडे होऊन गेले असतील तर या सोमवारीच फाईल घेऊन रेडिएशनच्या ओपीडीत जा. आईला सोबत न्या आणि हा प्रश्न त्यांनाच त्यांच्या तोंडाने डॉक्टरला विचारू द्या.